हजेरीपटावरचा चेहरा

भोसरी, चिंचवड, आकुर्डी या भागातल्या शाळांत शिकवणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात कारखान्यात काम करणाऱ्यांची मुले मोठ्या संख्येने असतात. या मुलांना घरातल्या मोठ्या माणसांचा टोकन नंबर विचारून यायला सांगावे. निवृत्त होऊन वीस वर्षे झालेले आजोबाही तो झटकन सांगतील. पगार, ओव्हरटाइम, बोनस आणि कॅन्टीन हे सगळे ज्या आकड्यावर चालले, तो आकडा सहसा विसरला जात नाही. त्याच मुलाच्या थोरल्या भावाला मात्र असा नंबर कदाचित पाठ नसेल. तो चाकणला एखाद्या ठेकेदाराकडे कामाला असेल, तर गेटवर मोबाइलसमोर क्षणभर उभा राहत असेल. पडद्यावर त्याच्या चेहऱ्याभोवती एक चौकट उमटते आणि त्याची हजेरी लागते.

आकड्यापासून चेहऱ्यापर्यंतच्या या प्रवासात कामगारांचा इतिहास आहे आणि गणिताचाही. या लेखात आपण दोन प्रश्नांचा विचार करणार आहोत. यंत्राला चेहरा दिसतो म्हणजे नेमके काय होते? आणि ज्याचा चेहरा यंत्राला दिसत नाही, त्याचे काय होते?

गेटवरचा जॉबर

महाराष्ट्रातल्या कारखान्याच्या गेटवर चेहरा पाहूनच माणूस आत घेण्याची पद्धत नवी नाही. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव उभे राहिले. गिरणीत माणसे आणण्याचे काम जॉबरकडे असे. कायम कामगारांपैकी किती जण आले नाहीत हे रोज सकाळी पाहायचे आणि गेटबाहेर उभ्या असलेल्या बदली कामगारांतून तेवढे निवडायचे, हे काम तोच करी. जॉबरला गावाकडची माणसे चेहऱ्याने आणि नावाने ठाऊक असत. कोण कोणाचा भाऊ, कोणाचा हात साच्यावर चांगला बसला आहे, हे त्याला सांगावे लागत नसे.

परंतु चेहरा ओळखणे ही एक सत्ताही होती. कोणाला ओळखायचे आणि कोणाकडे पाहूनही न पाहिल्यासारखे करायचे, हे जॉबरच्या मर्जीवर होते. त्यातूनच दस्तुरी घेण्याची रीत रुजली. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनच्या १९३१ च्या अहवालात या लाचखोरीवर टीका आहे. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांची नोंद करून त्यांना कार्ड देण्याची योजना सुरू केली. जॉबरच्या मर्जीला लगाम घालणे हा तिचा एक हेतू होता. चेहऱ्याची जागा कागदाने घेतली ती अशी. इतिहासातला हा धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण लेखाच्या शेवटी आपल्याला त्याकडे परत यायचे आहे.

टोकन आणि घड्याळ

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपल्या बोलण्यातली ‘एमआयडीसी’, अस्तित्वात आली. त्यानंतर टेल्को, बजाज ऑटो यांच्यासारखे मोठे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य छोटे कारखाने या पट्ट्यात वाढले. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढे उद्योगांचा ओघ नाशिक रस्त्याने चाकणकडे वळला. तिथे २००९ मध्ये फोक्सवागनचा आणि २०१० मध्ये महिंद्राचा कारखाना सुरू झाला.

एका पाळीला हजारो माणसे आत येऊ लागली की गेटवरचा माणूस सर्वांना चेहऱ्याने ओळखू शकत नाही. शिवाय १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगारांची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले होते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यामुळे ठेकेदारालाही आपल्या माणसांच्या नोंदी ठेवणे भाग पडले. (हे दोन्ही कायदे नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितांत सामावले गेले आहेत.) त्यामुळे टाइम ऑफिस हा कारखान्याचा महत्त्वाचा विभाग झाला. कुठे नंबर कोरलेले टोकन पेटीत टाकायचे, कुठे खिळ्यावर टांगायचे, तर कुठे कार्ड घड्याळात घालून पंच करायचे, अशी रीत होती.

हे पंचिंगचे घड्याळ अमेरिकेतून आले. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावचा जवाहिऱ्या विलर्ड बंडी याला अशा घड्याळाचे पेटंट १८९० मध्ये मिळाले. प्रत्येक कामगाराला स्वतःच्या नंबराची किल्ली असे. ती घड्याळात फिरवली की कागदावर नंबर आणि वेळ छापली जाई. बंडीची आणि तिच्यासारख्या इतर कंपन्या एकत्र येत गेल्या. १९११ मध्ये त्यांची एक मोठी कंपनी झाली आणि १९२४ मध्ये तिने आयबीएम हे नाव घेतले. संगणकाच्या इतिहासातली ही अग्रगण्य कंपनी अंशतः हजेरीच्या घड्याळातून जन्मली आहे.

टोकन असो, कार्ड असो की किल्ली, तिघांत एक उणीव होती. ती वस्तू हजर आहे एवढेच त्यातून कळते, माणूस हजर आहे हे कळत नाही. मित्राचे कार्ड पंच करून टाकणे हा प्रकार घड्याळाइतकाच जुना आहे. तेव्हा हजेरीची खूण माणसाच्या शरीरावरच शोधावी, हा विचार ओघानेच आला.

पहिली खूण होती बोटांच्या ठशांची, आणि तिच्या इतिहासात भारताचे स्थान मोठे आहे. १८५८ मध्ये बंगालमधल्या विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्यासाठी खडी पुरवणाऱ्या राज्यधर कोनाई या ठेकेदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला होता. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले. ठशांचे वर्गीकरण करण्याच्या कामात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. शंभर वर्षांनी हीच पद्धत गेटवरच्या छोट्या यंत्रात आली. परंतु विटा वाहणाऱ्या, लोखंड घासणाऱ्या, तेलात आणि रसायनात हात घालणाऱ्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. नेमक्या कष्टकऱ्याच्या बोटालाच यंत्र नाकारू लागले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे एकाच यंत्रावर सर्वांनी बोट ठेवणे धोक्याचे ठरले, आणि केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांची ठशांची हजेरी थांबवली. अशा वेळी स्पर्श न करता लागणारी, साध्या मोबाइलवर चालणारी हजेरी अनेकांना सोयीची वाटली.

शोधणे वेगळे, ओळखणे वेगळे

इथे दोन शब्दांतला फरक स्पष्ट करून घेऊ. ‘या चित्रात चेहरा आहे का, आणि असल्यास कुठे?’ या प्रश्नाचे उत्तर देणे म्हणजे चेहरा शोधणे. ‘हा चेहरा कोणाचा?’ याचे उत्तर देणे म्हणजे चेहरा ओळखणे. पहिली पायरी चढल्याशिवाय दुसरी चढता येत नाही. बाळाला आईचा चेहरा ओळखता येतो याचे आपल्याला कौतुक वाटते, पण त्याआधी भोवतालच्या पसाऱ्यातून ‘हा चेहरा’ असे त्याने वेगळे काढलेले असते, याकडे आपले लक्ष जात नाही. शास्त्रज्ञांचेही सुरुवातीला तसेच झाले.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या वूडी ब्लेडसो यांनी संगणकाकडून चेहरे ओळखून घेण्याचे प्रयोग केले. त्यात छायाचित्रातले डोळ्यांचे कोपरे, नाकाचे टोक, ओठांच्या कडा या जागा माणूसच हाताने दाखवून देई. संगणक फक्त त्यांच्यामधली अंतरे काढून तुलना करी. म्हणजे चेहरा शोधणारा माणूसच होता.

१९७० मध्ये जपानमध्ये ओसाका येथे जागतिक प्रदर्शन भरले होते. तिथल्या एका दालनात लोकांची छायाचित्रे संगणकात घेतली जात. क्योतो विद्यापीठातल्या ताकेओ कनादे यांना अशी शेकडो छायाचित्रे अभ्यासाला मिळाली. डोळे, नाक, ओठ, हनुवटी यांच्या जागा संगणकाने आपल्या आपण शोधाव्यात अशी आज्ञावली त्यांनी लिहिली. त्यावरचा त्यांचा प्रबंध १९७३ चा आहे. मात्र माणूस समोर पाहत असला आणि चित्रात त्याच्याखेरीज दुसरे काही नसले, तरच हे जमत असे. शिफ्ट सुटताना गेटवर होणाऱ्या गर्दीत ते जमणे शक्य नव्हते.

अडचण कुठे होती? ३८४ बिंदू रुंद आणि २८८ बिंदू उंच असे एक लहानसे चित्र घेऊ. त्यावर २४ × २४ बिंदूंचा एक चौकोन डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली, एकेक बिंदू सरकवत नेला, तर त्याच्या ३६१ × २६५ म्हणजे ९५,६६५ जागा होतात. चेहरा जवळ असेल तर मोठा दिसेल, म्हणून मोठे चौकोनही फिरवून पाहावे लागतात. एवढ्या साऱ्या जागी ‘इथे चेहरा आहे का?’ असे विचारायचे, आणि तेही सेकंदाला कित्येक वेळा. १९९० च्या दशकात न्यूरल नेटवर्कच्या साहाय्याने चेहरा शोधण्याच्या पद्धती निघाल्या. त्यांतली एक कनादे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचीच होती. त्या अचूक होत्या, पण हलत्या चित्राबरोबर धावणे त्यांना जमत नव्हते.

बेरजेची युक्ती

ही कोंडी २००१ मध्ये पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स या दोघांनी फोडली. त्यांच्या दोन युक्त्या शाळेतल्या गणिताने समजतात, म्हणून त्या सविस्तर पाहू.

आपल्या चेहऱ्यावर उजेड-अंधाराची एक ठरावीक मांडणी असते. डोळ्यांचा पट्टा खालच्या गालांपेक्षा काळसर दिसतो. दोन डोळ्यांमधला नाकाचा उंचवटा डोळ्यांपेक्षा उजळ दिसतो. म्हणून एका आयतातल्या बिंदूंच्या उजळपणाची बेरीज घ्यायची, शेजारच्या आयतातली बेरीज तीतून वजा करायची आणि फरक किती येतो ते पाहायचे. हंगेरीचे गणिती आल्फ्रेड हार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडलेल्या एका कल्पनेशी याचे साम्य आहे, म्हणून या चाचण्यांना हार यांचे नाव मिळाले.

पण दर वेळी शेकडो बिंदूंची बेरीज करायची म्हणजे वेळ गेलाच. इथे पहिली युक्ती कामाला येते. क्रिकेटच्या सामन्यात अकराव्या ते विसाव्या षटकात किती धावा झाल्या हे काढायला आपण एकेक चेंडू मोजत नाही. वीस षटकांअखेरच्या धावसंख्येतून दहा षटकांअखेरची वजा करतो. चढती बेरीज हाताशी असली की मधल्या कोणत्याही भागाची बेरीज एका वजाबाकीत मिळते. हेच चित्राच्या लांबी-रुंदीत करायचे. समजा, चित्राच्या सोळा बिंदूंचा उजळपणा असा आहे:

२ १ ३ ४
१ ५ २ ०
३ २ ४ १
० १ २ ३

आता प्रत्येक जागी, डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून त्या जागेपर्यंतच्या आयतातल्या सर्व आकड्यांची बेरीज लिहू:

२ ३ ६ १०
३ ९ १४ १८
६ १४ २३ २८
६ १५ २६ ३४

खालच्या दोन ओळी आणि उजवीकडचे तीन स्तंभ, एवढ्या आयताची बेरीज हवी आहे असे समजू. दुसऱ्या तक्त्यातला शेवटचा आकडा ३४. त्यातून आयताच्या वर राहिलेला भाग वजा करू, तो १८. डावीकडे राहिलेला भाग वजा करू, तो ६. वरचा डावा कोपरा दोनदा वजा झाला, म्हणून तो एकदा परत मिळवू, तो ३. म्हणजे ३४ − १८ − ६ + ३ = १३. आता पहिल्या तक्त्यातले सहा आकडे मिळवून पाहा: २ + ४ + १ + १ + २ + ३ = १३. आयत सहा बिंदूंचा असो की सहा हजारांचा, चार आकड्यांत काम भागते. ही युक्ती फ्रँकलिन क्रो यांनी १९८४ मध्ये संगणकावर चित्रे रंगवण्यासाठी वापरली होती. व्हायोला आणि जोन्स यांनी ती चेहरा शोधायला लावली.

चाळणीमागून चाळणी

दुसरी युक्ती त्याहून महत्त्वाची आहे. २४ × २४ च्या चौकोनात आयतांच्या अशा दीड लाखांहून अधिक चाचण्या बसवता येतात. माणसांनी निवडून खुणा केलेले ४,९१६ चेहरे आणि चेहरा नसलेली हजारो चित्रे संगणकाला दाखवून, त्यांतल्या उपयोगी चाचण्या कोणत्या हे त्याच्याकडूनच ठरवून घेतले. अखेरच्या रचनेत अशा ६,०६१ चाचण्या होत्या. त्या सगळ्या प्रत्येक चौकोनावर लावायच्या म्हटल्या असत्या, तर वेगाचे नाव नको.

पोलीस भरतीत काय करतात ते आठवा. प्रत्येक उमेदवाराची सर्व परीक्षा कोणी घेत नाही. आधी उंची आणि छाती मोजतात. जो बसत नाही तो तिथेच बाद. मग धावणे, मग लेखी परीक्षा. व्हायोला-जोन्स पद्धतीत अशा ३८ चाळण्या होत्या. पहिल्या चाळणीत फक्त दोन चाचण्या, डोळे आणि गाल यांची एक व डोळे आणि नाक यांची दुसरी. तेवढ्यानेच चेहरा नसलेले जवळजवळ निम्मे चौकोन गळून जात. भिंत, आकाश, शर्ट यांवर यंत्राचा वेळ जाईनासा झाला. सरासरीने एका चौकोनावर ६,०६१ पैकी सुमारे दहाच चाचण्या कराव्या लागत. त्या काळच्या ७०० मेगाहर्ट्‌झच्या साध्या संगणकावर ही पद्धत सेकंदाला १५ चित्रे तपासू लागली.

म्हणजे यंत्राला वेग आला तो चेहरा चटकन ओळखू आल्यामुळे नव्हे. ‘हा चेहरा नव्हे’ असे चटकन म्हणता आल्यामुळे आला. नकार देण्याच्या कौशल्यावर ही सारी इमारत उभी आहे, आणि पुढचा प्रश्न इथेच जन्म घेतो.

खिशातल्या कॅमेऱ्यापर्यंत

व्हायोला आणि जोन्स यांनी आपली पद्धत तळहातावर मावणाऱ्या एका छोट्या संगणकावरही चालवून दाखवली होती. तिथे ती सेकंदाला दोनच चित्रे तपासू शके. इंटेल कंपनीत सुरू झालेल्या ओपनसीव्ही या मोफत आज्ञावली-संग्रहात ही पद्धत आली आणि जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती पडली. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही ‘चेहऱ्यावरून हजेरी’ हा शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा नेहमीचा विषय झाला.

दरम्यान मोबाइल बलवान होत गेला. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये सादर केलेल्या ‘परम ८०००’ या महासंगणकाचा वेग सेकंदाला एक अब्ज आकडेमोडींच्या घरात होता. आजचा साधा मोबाइल त्याला कितीतरी मागे टाकतो. पद्धतीही बदलल्या. आयतांच्या चाचण्यांऐवजी न्यूरल नेटवर्क पुन्हा आले, या वेळी मोबाइलसाठी हलके करून. गूगलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेली ब्लेझफेस ही पद्धत १२८ × १२८ बिंदूंच्या चित्रावर काम करते आणि चांगल्या फोनवर सेकंदाला दोनशेहून अधिक चित्रे तपासू शकते.

हजेरीचे ॲप मात्र अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींवर चालावे लागते. ते दोनदा लिहिण्याचे कष्ट वाचावेत म्हणून फेसबुकने २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह आणली. गूगलच्या फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती २०१८ मध्ये आली. या साधनांनी पडदा, बटणे, याद्या हे एकदाच लिहून भागते. कॅमेरा मात्र प्रत्येक फोनचा आपापला. एक प्रणाली उजळपणा आणि रंग वेगवेगळे करून देते, तर दुसरी बहुधा निळा-हिरवा-लाल असे एकत्र देते. कॅमेऱ्याचे चित्र पुष्कळदा आडवे येते. ते सरळ केले नाही तर समोर माणूस उभा असूनही यंत्राला चेहरा सापडत नाही.

आणखी एक हिशोब पाहू. ६४० × ४८० बिंदूंच्या चित्राला, एका बिंदूस दीड बाइट धरून, ४,६०,८०० बाइट लागतात. सेकंदाला तीस चित्रे म्हणजे सुमारे १ कोटी ३८ लाख बाइट झाले. एवढा ओघ फोनच्या मूळ प्रणालीतून सामाईक आज्ञावलीकडे सतत नेत राहिले, की स्वस्त फोन तापतो आणि अडखळतो. म्हणून जाणते तंत्रज्ञ चेहरा शोधण्याचे काम कॅमेऱ्याच्या बाजूलाच उरकतात आणि पलीकडे फक्त चौकटीचे चार आकडे पाठवतात. आधीच्या चित्राचे काम संपले नसेल तर मधली चित्रे सरळ टाकून देतात. इथेही वेग येतो तो टाकून देण्यातूनच.

चूक कोणाच्या वाट्याला?

आता लेखाच्या आरंभीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. समजा, एका चाळणीत शंभरांपैकी ९९ खरे चेहरे पार होतात. ही चाळणी उत्तम म्हटली पाहिजे. अशा दहा चाळण्या एकामागून एक लावल्या, तर ०.९९ चा दहावा घात सुमारे ०.९० येतो. म्हणजे शंभर खऱ्या चेहऱ्यांपैकी जवळजवळ दहा कुठेतरी गळतात.

यावर तंत्रज्ञ म्हणेल की काळजीचे कारण नाही, कारण कॅमेरा सेकंदाला तीस चित्रे घेतो. एका चित्रात चेहरा हुकण्याची शक्यता दहात एक असली, तर लागोपाठ तीन चित्रांत हुकण्याची शक्यता हजारात एक होते. हा हिशोब बरोबर आहे. पण चूक केवळ योगायोगाने होत असेल तरच. सकाळच्या पाळीला सूर्य कामगाराच्या पाठीमागे असेल, तर त्याचा चेहरा काळा दिसतो. हेल्मेटची सावली कपाळावरून डोळ्यांपर्यंत आली असेल, फाउंड्रीतली काजळी गालांवर बसली असेल, धुळीसाठी नाकावर रुमाल बांधला असेल, तर डोळे-गाल आणि डोळे-नाक यांच्यातला उजेडाचा फरकच नाहीसा होतो. मग पहिल्या चित्रात जी चूक झाली तीच तिसाव्यातही होते, आणि दुसऱ्या दिवशीही त्याच माणसाच्या बाबतीत होते.

यातला फरक विद्यार्थ्यांना अवश्य समजावून द्यावा. योगायोगाची चूक सर्वांत थोडी थोडी वाटली जाते आणि पुन्हा प्रयत्न केला की भरून निघते. ठरावीक कारणाने होणारी चूक मात्र त्याच त्या माणसांच्या वाट्याला येते. ‘यंत्र शंभरांत अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर असते’ असे म्हटले, तरी उरलेल्या दोन वेळा कोणाच्या, हे त्यातून कळत नाही.

न्यूरल नेटवर्कने उजेड-सावलीच्या अडचणी पुष्कळ कमी केल्या आहेत. पण तीही दाखवलेल्या उदाहरणांवरूनच शिकतात, आणि ज्यांची उदाहरणे कमी, त्यांच्याबाबत कच्ची राहतात. अमेरिकेत एमआयटीत शिकत असताना जॉय ब्युओलाम्विनी या कृष्णवर्णीय संशोधिकेला असे आढळले, की चेहरा शोधणाऱ्या एका आज्ञावलीला आपला चेहरा दिसतच नाही; पांढरा मुखवटा चढवला की मात्र तो दिसतो. पुढे २०१८ मध्ये तिने टिम्निट गेब्रू यांच्यासह तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. ती चाचणी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगण्याची होती. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण फार तर ०.८ टक्के होते, तर सावळ्या आणि काळ्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. प्रयोगशाळेत ही आकडेवारी असते, पण गेटवर तो कोणाचा तरी खाडा असतो. रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी.

आता जॉबर आठवावा. त्याच्या मर्जीने गेटबाहेर राहिलेल्या कामगाराला निदान कोणाशी वाद घालायचा हे माहीत असे. मोबाइलने नाकारलेल्या कामगाराला नाकारणाराच दिसत नाही. ठेकेदार म्हणतो ॲपने घेतले नाही, ॲपवाला म्हणतो उजेड नव्हता. गिरणीत कार्ड आले ते चेहरा पाहण्याची सत्ता एकाच्या हाती राहू नये म्हणून. ती सत्ता आता यंत्राकडे आली आहे, तेव्हा तिच्या शेजारीही एक कार्ड, एक वही असायला हवी. चेहरा सापडला नाही तर कारण पडद्यावर मराठी-हिंदीत दिसावे, फसलेल्या प्रयत्नाचीही वेळेसह नोंद राहावी, आणि तेवढ्या दिवसाची हजेरी कागदावर सहीने लावण्याची सोय असावी. यात तांत्रिकदृष्ट्या अवघड असे काहीच नाही.

चेहऱ्याची साठवण हा याच्याच जोडीचा प्रश्न आहे. टोकन हरवले तर नवे मिळते, चेहरा बदलून मिळत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले, आणि व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. चेहरा नुसता शोधायचा असेल तर काहीही साठवावे लागत नाही. ओळखायचा असेल तरच साठवावे लागते. दोन शब्दांतला मघाचा फरक इथे पुन्हा उपयोगी पडतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

वरील सोळा चौकोनांचा तक्ता फळ्यावर काढून विद्यार्थ्यांकडून चढत्या बेरजांचा तक्ता भरून घ्यावा. वेगवेगळे आयत देऊन चार आकड्यांत बेरीज काढायला सांगावी आणि प्रत्यक्ष बेरजेशी ताडून पाहावी.

शिक्षकांच्या मोबाइलमधला कॅमेरा चेहऱ्याभोवती चौकट दाखवत असेल, तर एक प्रयोग करता येतो. छायाचित्र काढायचे नाही, फक्त चौकट उमटते का ते पाहायचे. खिडकीकडे तोंड करून, खिडकीकडे पाठ करून, टोपी घालून, नाकावर रुमाल बांधून, मान वाकडी करून, भिंतीवरच्या तसबिरीसमोर, फळ्यावर खडूने काढलेल्या चेहऱ्यासमोर अशा वेगवेगळ्या स्थिती घ्याव्यात. प्रत्येक स्थितीत दहा प्रयत्न करून किती वेळा चौकट आली याचा तक्ता करावा. तसबिरीभोवतीही चौकट आलेली पाहून मुले हसतील. चौकट आली म्हणजे तिथे जिवंत माणूस आहे असे नव्हे, आणि चौकट आली नाही म्हणजे तिथे माणूस नाही असेही नव्हे, हे त्यांना तिथेच कळेल. मग त्या तक्त्यावरून एकच प्रश्न विचारावा: आलेल्या चुका सर्व स्थितींत सारख्या वाटल्या गेल्या आहेत, की एखाद्या स्थितीतच साचल्या आहेत?

उद्या यांच्यापैकी काही मुले अशा गेटमधून आत जातील, आणि काही जण अशी ॲप लिहितील. हा प्रश्न दोघांच्याही कामाचा आहे.